दादर पश्चिम, ४२० मीटर: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून ही वही. काम: दादर पश्चिमेच्या एका रस्त्याचं काँक्रिटीकरण. लांबी ४२० मीटर, वाहतुकीची रुंदी ९ मीटर. एक तोंड गोखले रोडच्या अंगाला, दुसरं स्टेशनच्या अंगाला, मध्ये एक आडवी गल्ली. नाव मुद्दामच लिहीत नाही. मी ठेकेदाराकडची प्लॅनिंग इंजिनिअर. रस्ता करणारे वेगळे, मी नुसत्या तारखा मांडते. मुकादम मला ‘तारीखवाल्या मॅडम’ म्हणतो, तेही कौतुकाने नाही.

वरून अट एकच आली आहे: मेअखेर आटोपायचं. पावसाळ्यात खोदाई बंद, ती सुटते थेट ऑक्टोबरला.

रस्त्याचा छेद नेहमीचाच. डांबर उखडायचं, खाली जीएसबी (खडीचा दाबलेला थर), त्यावर १५० मिमी डीएलसी (कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट), वर २५० मिमी पीक्यूसी (ज्यावर गाड्या चालतात ते काँक्रीट). पीक्यूसी एकूण ९४५ घनमीटर. सहा घनमीटरच्या मिक्सर गाड्या धरल्या तर १५८ खेपा. रात्री अकरा ते पाच या वेळात बारा गाड्या रिकाम्या होतात, म्हणजे अख्खा रस्ता ओतायला चौदा रात्री. मग तक्त्यात महिनेच्या महिने कुठून येतात? डीएलसी टाकली की सात दिवस पाणी पाजत थांबायचं. पीक्यूसी टाकली की अठ्ठावीस दिवस. काम थोड्या रात्रींचं, अडवणूक मात्र वाट बघण्याची. लोकांना दिसतं की बॅरिकेडच्या आत कुणीच नाही, नुसती ओली गोणपाटं पसरली आहेत. ते शिव्या देतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिल्या असत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज ऑफिसात वाद. रस्ता अर्धा-अर्धा करायचा की पूर्ण बंद?

सगळ्यांचा कल अर्ध्याकडे. ‘निदान अर्धा तरी चालू राहील’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. मी फळ्यावर हिशेब मांडला. अर्धा रस्ता म्हणजे साडेचार मीटर, म्हणजे एकच लेन, आणि वाहनं दोन्ही बाजूंनी. दोन टोकांना दोन वॉर्डन, आळीपाळीने सोडणार. एका बाजूची शेवटची गाडी ताशी १५ किलोमीटरने निघाली तर ४२० मीटर पार करायला तिला १०० सेकंद लागतात. ती बाहेर पडेपर्यंत समोरच्यांना सोडता येत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मिनिटं दिली तरी ६८० सेकंदांच्या फेरीत २०० सेकंद रस्त्यात नवीन गाडी शिरत नाही. तासातली साडेसतरा मिनिटं! गर्दीच्या वेळी, दोन्ही टोकांना रांगा लागलेल्या असताना, मधला तुकडा रिकामा होण्याची वाट बघत सगळे उभे. वॉर्डनने दया येऊन दोन-दोन मिनिटांवर आणलं तर वाया जाणारा वेळ आणखी वाढतो. हे कुणाला पटकन पटत नाही, कारण दया केली की रांग हलताना दिसते.

शिवाय दिवस. एका पट्टीचं पूर्ण चक्र ५५ दिवसांच्या खाली येत नाही: उखडणे, केबल आणि पाइप, जीएसबी, डीएलसी, तिचे सात दिवस, ओतणे, मग अठ्ठावीस. दोन पट्ट्या एकामागून एक म्हणजे ११० दिवस. पूर्ण बंद केला तर दोन्ही पट्ट्यांचं वाट बघणं एकाच वेळी होतं.

साहेब म्हणाले, ‘‘पूर्ण बंदला ट्रॅफिकवाले एनओसी देणार नाहीत.’’ बघू.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रायल पिट, म्हणजे खाली काय पुरलंय ते बघायचे चाचणीचे खड्डे, तीन घेतले. कागदावर दोन केबल होत्या, खड्ड्यात पाच निघाल्या. त्यातल्या दोन जिवंत. बाकीच्या तीन कुणाच्या, हे विचारायला बेस्टपासून इंटरनेटवाल्यांपर्यंत सगळ्यांना पत्रं पाठवली.

आज बारावीची परीक्षा सुरू झाली. आमच्या रस्त्यावरच्या शाळेत दहावीचं केंद्र आहे, ते २१ पासून. दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला. म्हणजे १८ मार्चच्या आधी कुदळ मारता येत नाही. १८ मार्च ते ३१ मे: ७५ दिवस. ११० दिवस ७५ मध्ये बसत नाहीत. माझा वाद बोर्डाच्या वेळापत्रकाने जिंकून दिला, मी नाही.

परीक्षेला मान द्यावाच लागतो. शीवचा रेल्वेवरचा पूल पाडायचं २०२४ च्या जानेवारीपासून ठरत होतं. एकदा स्थानिकांचा विरोध, एकदा परीक्षा, पुढे लोकसभेची निवडणूक, असं करत तो प्रत्यक्षात १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला. तेव्हा तो वेळकाढूपणा वाटला होता. आता स्वतःचा तक्ता मांडताना कळतं की त्यातली दोन कारणं तर कॅलेंडरात आधीपासून छापलेली होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार, पहाटे

झोप नाही, पण लिहून ठेवते.

माझ्या तक्त्यात रात्रीची खिडकी ११ ते ५ अशी होती. ‘रात्री रस्ता मोकळा’ हे गृहीत धरलेलं. काल रात्री दहाला मुकादमाला घेऊन स्टेशनच्या तोंडाशी जाऊन बसले. साडेबारापर्यंत खरंच सामसूम. दीडला पहिला टेम्पो. अडीचला सेनापती बापट मार्गाच्या कडेला टेम्पोंची ओळ, झेंडूची बोचकी खाली पडायला लागली. तीनला आमच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना हातगाड्या. साडेतीनला मी रस्ता ओलांडू शकत नव्हते.

एका मावशींनी शेवंतीच्या पाट्या लावता लावता विचारलं, काय मोजतेस? सांगितलं: रात्री काम करायचं आहे, तेव्हा गर्दी नसते ना. त्या हसल्याही नाहीत. ‘‘कुणाची रात्र, पोरी? आमचं दुकान तीनला उघडतं.’’

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) १०६ नंबरच्या पुस्तकात वाहनांना भार दिलेले आहेत, म्हणजे एक वाहन किती मोटारींएवढं धरायचं ते. मोटार १. दुचाकी ०.५ किंवा ०.७५. ट्रक-बस २.२ ते ३.७. आणि हातगाडी २ ते ३! कॉलेजात हे वाचून आम्ही हसलो होतो. आज तीन वाजता समजलं. हातगाडी जागा मोटारीएवढीच अडवते, पण ती माणसाच्या चालीने जाते, मध्येच थांबते, वळताना रस्ताभर आडवी होते, आणि तिच्यामागे कितीही हॉर्न वाजवला तरी ओढणाऱ्याला दोनच पाय असतात. माझ्या पहाटेच्या मोजणीत मोटारींपेक्षा हातगाड्यांचा भार जास्त भरला.

खिडकी बदलली. गोखले रोडकडच्या २२० मीटरसाठी ११ ते ५. स्टेशनकडच्या २०० मीटरसाठी १० ते अडीच. तिथे रात्रीला आठ-नऊच गाड्या होतील.

दिवसा का ओतत नाही, असं धाकट्या भावाने विचारलं. मिक्सर गाड्यांना गर्दीच्या वेळी शहरात फिरता येत नाही हे एक. दुसरं, ओततानाचं काँक्रीट ३० अंशांच्या वर जाऊन चालत नाही. एप्रिलच्या दुपारी दादरमध्ये ते प्लांटवर बर्फ घालूनही जमवणं कठीण. डांबर फोडायचे ब्रेकर मात्र दिवसाच, ११ ते ४. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचा नियम आहे, आणि नियम नसता तरी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी माझा नंबर पाठ केला आहे.

६ मार्च, गुरुवार

वाहतूक पोलिसांकडे तिसरी बैठक. पूर्ण बंदला तत्त्वतः होकार. अटी: दोन तुकडे, मधली आडवी गल्ली कायम उघडी, रहिवाशांची आणि रुग्णवाहिकेची वाट राखून, वॉर्डन आमच्या खर्चाने, आणि गुढीपाडव्याच्या आधी फुलबाजाराच्या तोंडाला हात लावायचा नाही. शेवटची अट त्यांनी घातली तेव्हा मी माझा तक्ता पुढे केला. त्यात ती आधीच होती. बैठकीतला तो एकमेव सुखाचा क्षण.

१८ मार्च, मंगळवार

रात्री साडेदहाला गोखले रोडकडचा तुकडा बंद केला.

पहिल्याच रात्री फजिती. ‘पुढे रस्ता बंद, पर्यायी मार्ग’ हा फलक माणसांनी आमच्या बॅरिकेडला टेकवून ठेवला. म्हणजे गाडीवाल्याला रस्ता बंद असल्याचं कळतं तेव्हा तो बॅरिकेडसमोर उभा असतो आणि मागे दहा गाड्या. टॅक्सीवाले रिव्हर्स घेतायत, मागचे हॉर्न देतायत. फलक अलीकडच्या वळणाच्याही आधी हवा, जिथे अजून मन बदलता येतं. तीन फलक उचलून दीडशे-दोनशे मीटर मागे नेले. पाऊण तासात ओळ विरळ झाली. इतकी साधी गोष्ट, आणि दर साइटवर ती पहिल्या रात्री नव्याने शिकावी लागते.

२६ मार्च, बुधवार

आठवडा झाला. पहिले तीन दिवस शेजारचा समांतर रस्ता तुंबला. बीट हवालदार रोज सकाळी भेटून ‘‘मॅडम, बघा तुमची करामत’’ म्हणायचे. आज मोजणी केली. आमच्या रस्त्यावरून जाणारी वाहनं सगळी तिथे गेली असती तर जेवढी वाढ दिसायला हवी होती, तिच्या निम्मीच दिसली. बाकीची कुठे गेली? काही टॅक्सीवाले आता दादरच्या आतच शिरत नाहीत, सवारीला कडेला उतरवतात. काही लोक मोबाइलमधला नकाशा बघून आधीच वळतात. दुकानांचा माल सकाळी दहाऐवजी सातला यायला लागला. रस्ता बंद आहे हे पक्कं ठाऊक असलं की माणूस स्वतःची सोय लावतो. अर्धा उघडा ठेवला असता तर ‘जाऊन तर बघू’ म्हणत सगळे रोज आले असते.

हे ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, अहवालात लिही, पण ‘निम्मी’ असं मोघम लिहू नकोस.

२९ मार्च, शनिवार

पाडवा उद्या. स्टेशनकडच्या तोंडाला आज पाय ठेवायला जागा नाही. झेंडू, आंब्याचे डहाळे, कडुलिंबाच्या जुड्या, साखरेच्या गाठी. सकाळी सहाला मोजायला गेले आणि मोजणी सोडून दिली. तिथे वाहन नव्हतंच, नुसती माणसं होती. माणसांना पुस्तकात भार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

स्टेशनकडचा तुकडा १ तारखेपासून बंद. आज शेवटच्या चाळीस मीटरमध्ये, सव्वा मीटर खोल, बिडाचा एक जुना पाइप निघाला. ट्रायल पिट तिथून सहा मीटरवर घेतला होता. पाण्याचा आहे, चालू आहे, आणि कुठल्याच नकाशात नाही. त्यावरचा चेंबर आमच्या नव्या लेव्हलच्या वर येतो.

पाइपवर हात ठेवून पाहिला, थंडगार होता. मुकादमाने कान लावला आणि सांगितलं, ‘‘सप्लाय चालू झाला, साडेपाच वाजले असतील.’’ घड्याळात पाच पस्तीस.

चेंबर खाली घ्यायला परवानगी, पाणी बंद ठेवण्याची तारीख, व्हॉल्व्ह. ते चाळीस मीटर बाजूला काढले. बाकी १६० पुढे न्यायचे.

१० एप्रिल, गुरुवार

आज रात्री गोखले रोडकडची पहिली पट्टी ओतायची होती. आजपासूनच टँकरवाल्यांचा संप, शहरभर. भूजलाच्या परवान्यांवरून वाद आहे, त्यात आमचं काही चालत नाही.

पाण्याशिवाय ओतलं तर? दुसऱ्या दिवसापासून पट्टीवर आळी करून पाणी साठवायला लागतं, गोणपाटं चौदा दिवस ओली राहायला लागतात. एप्रिलच्या उन्हात एक दिवस कोरडं गेलं की पृष्ठभागाला केसासारख्या चिरा. प्लांटलाही पाणी टँकरचंच. रद्द केलं. तशीही १३ च्या रात्री आणि १४ ला आंबेडकर जयंतीमुळे चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांची रीघ असणार, त्या दोन रात्री मी आधीच कोऱ्या ठेवल्या होत्या. म्हणजे संप १४ पर्यंत मिटला तर नुकसान खऱ्या अर्थाने तीन रात्रींचं. तक्त्यात कोऱ्या रात्री ठेवल्या की सगळे विचारतात, ‘‘ही सुट्टी कशाला?’’

१४ एप्रिल, सोमवार

संप मिटल्याची बातमी संध्याकाळी. प्लांटला फोन. उद्या रात्री ११.

१७ एप्रिल, गुरुवार

आज एक पॅनेल गेलं.

काँक्रीट घट्ट होताना आकसतं आणि तडकतंच. म्हणून दर साडेचार मीटरवर आपणच कटरने एक खाच मारून ठेवायची, की बाबा, तडकायचं तर इथे तडक. खाच फार लवकर मारली तर कडा ढासळतात, उशीर झाला तर काँक्रीट आपली जागा स्वतः निवडतं. या हवेत ओतल्यापासून आठ-दहा तास, त्याच्या पुढे जुगार. काल रात्री एकला ओतलेल्या पॅनेलची वेळ सकाळी नऊ ते अकरा. साडेनऊला कटरचं पातं तुटलं. दुसरं पातं साइटवर असायला हवं होतं, ते भाड्याच्या मशीनवाल्याच्या गोदामात होतं. ते येईपर्यंत सव्वा वाजला.

अकराला मी गुडघ्यावर बसून पाहत होते. आधी काही नाही. मग ओल्या राखाडी पृष्ठभागावर एक रेघ, पेन्सिलने ओढावी तशी, कडेपासून आत तिरपी निघालेली. त्यातून पाणी आत शोषलं जात होतं म्हणून ती भोवतीपेक्षा काळी दिसत होती. दीड फूट. चहा पिऊन आले तेव्हा चार फूट. मुकादम म्हणाला, ‘‘मॅडम, नका बघू.’’

साडेचार बाय साडेचारचं पॅनेल, पूर्ण जाडीचं, तोडून पुन्हा करायचं. अठ्ठावीस दिवस त्याचे पुन्हा शून्यापासून. तक्त्यात मी ‘कटर’ अशी ओळच ठेवली नव्हती. आता ठेवली: कटर दोन, पाती चार.

२४ एप्रिल, गुरुवार

गोखले रोडकडच्या दोन्ही पट्ट्या काल रात्री पूर्ण, तोडलेल्या पॅनेलसकट. २१ मे ला उघडेल.

पण डोकं वेगळ्याच ठिकाणी. प्रभादेवीचा पूल, जुना एल्फिन्स्टन, उद्या रात्री नऊपासून बंद करणार आहेत. वरळी-शिवडी उन्नत मार्गासाठी तो पाडून नवा दुमजली पूल होणार. काम एमएमआरडीएचं. पर्यायी मार्गात आमचा टिळक पूल आहे. म्हणजे परळची पूर्व-पश्चिम वाहनं दादरला येणार, टिळक पुलावरून उतरणार आणि उतरल्यावर त्यांना जे दोन-तीन रस्ते मिळतात त्यातला एक मी खणून ठेवला आहे.

माझी एनओसी मार्चची. त्यांची सूचना एप्रिलची. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर. एका शहरात एकाच वेळी किती ठिकाणी खोदलंय हे एका नकाशावर बघायची सोय माझ्यासारखीला असती तर मी स्टेशनकडचा तुकडा आधी घेतला असता का? नसता. पाडवा होता. पण निदान आज रात्री झोप लागली असती.

२५ एप्रिल, शुक्रवार, रात्री ११

पूल बंद झाला नाही. पुलालगतच्या रहिवाशांनी आधी पुनर्वसनाचं बोला म्हणून विरोध केला, बंद पुढे ढकलला. मी सुटले. ज्यांची घरं जायची आहेत ते अजून तिथेच आहेत, त्यामुळे सुटले हे मोठ्याने म्हणवत नाही.

६ मे, मंगळवार

स्टेशनकडची पहिली पट्टी १६० मीटर झाली आहे (अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री सुट्टी, बाजार). आज दुसरीची सुरुवात. संध्याकाळी धुळीचं वादळ आणि मागोमाग पाऊस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात! दोन मिक्सर गाड्या भरून निघाल्या होत्या. पाणी घातल्यापासून दोन तासांत काँक्रीट जागेवर जायला हवं, आणि जागेवर तळं. दोन्ही परत पाठवल्या. बारा घनमीटर.

ताडपत्र्या आणल्या. मुकादमाने बांबूचे चौकटे करून त्यावर ताणल्या, म्हणजे ताज्या काँक्रीटला न टेकता सरकवता येतील. हे त्याचं डोकं, माझ्या तक्त्यातलं नव्हे.

११ मे, रविवार

अंधेरीच्या गोखले पुलाची दुसरी बाजू आज उघडली. तो ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला होता. पहिली बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली तेव्हा तिची आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाची उंची जुळली नव्हती, सगळ्या शहराने ते फोटो पाहिले. दोन यंत्रणा, दोन कामं, दोन लेव्हल. माझ्या चाळीस मीटरातल्या चेंबरकडे मी त्या नजरेने बघते.

१४ मे, बुधवार

१६० मीटर दोन्ही पट्ट्या पूर्ण. चाळीस मीटर बाकी. पाइपवाल्यांची पाणी बंद ठेवायची तारीख २० मिळाली आहे.

२१ मे, बुधवार

गोखले रोडकडचा तुकडा सकाळी उघडला. पहिली गाडी दूधवाल्याची. क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायला ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, निकाल चांगले आले.

चेंबरचं काम काल होऊ शकलं नाही. काल संध्याकाळपासून पाऊस, खड्ड्यात कमरेइतकं पाणी. दोन पंप लावून उपसलं, रात्री पुन्हा भरलं.

२३ मे, शुक्रवार

चाळीस मीटर सोडून दिले. जीएसबी भरून, दाबून, वर पेव्हर ब्लॉक. चार महिन्यांची मलमपट्टी. निर्णय माझा. साहेबांनी विचारलं, ‘‘आठ दिवस आहेत की अजून?’’ मी म्हटलं, कॅलेंडरात आहेत.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आज मुंबईत. इतक्या लवकर येण्याचा आधीचा विक्रम २९ मे १९५६ चा होता, तो मोडला. वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरल्याचे व्हिडिओ दिवसभर फिरतायत. आमचे पेव्हर ब्लॉक तीन ठिकाणी खचले, दुपारीच उचलून पुन्हा बसवले. काँक्रीट मात्र मजेत आहे. त्याला आता टँकर लागत नाही.

मुकादम म्हणाला, ‘‘मॅडम, ३१ तारीख कुणी ठरवली होती?’’ मी काही बोलले नाही.

५ जून, गुरुवार

स्टेशनकडचा तुकडा हलक्या वाहनांसाठी उघडला. बावीस दिवस झालेत, क्यूब हवी ती ताकद दाखवतायत, म्हणून. टेम्पो आणि ट्रक अजून आठवडाभर नाहीत. फुलांचे टेम्पो बाहेरच थांबतात, तिथून हातगाडी. मावशींना काही फरक पडलेला दिसत नाही. फक्त पाट्या आता सरळ राहतात, म्हणाल्या, आधी एका बाजूचं पाणी दुसरीकडे जायचं.

१३ सप्टेंबर, शनिवार

वही तीन महिन्यांनी उघडली.

प्रभादेवीचा पूल काल रात्री बंद झाला. आज सकाळी साडेनऊला टिळक पुलाच्या उताराशी जाऊन उभी राहिले. आमचा रस्ता वाहतोय. रांग आहे, पण हलती. फक्त स्टेशनच्या तोंडाशी, त्या चाळीस मीटरात, ब्लॉक उसवलेत म्हणून प्रत्येक गाडी ब्रेक मारते आणि तो ब्रेक मागे पार आडव्या गल्लीपर्यंत पोचतो. ४२० मधले चाळीस.

आता ते कधी? खोदाई १ ऑक्टोबरला सुटते. २ ऑक्टोबरला दसरा. झेंडूचा सगळ्यात मोठा दिवस, तेव्हा तोंड बंद करणं म्हणजे बाजाराशी वैर. मग दिवाळी, लक्ष्मीपूजन २१ ला, भाऊबीज २३ ला. त्याच्या आधी नाही. २७ ऑक्टोबर, सोमवार धरला: ब्लॉक काढून चेंबर आणि जीएसबीला सहा दिवस, डीएलसी २ नोव्हेंबरला, तिचे सात दिवस, १० आणि ११ च्या रात्री ओतायचं, अठ्ठावीस दिवस. ९ डिसेंबर.

६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. देशभरातून लाखो माणसं दादरला उतरणार, चैत्यभूमीकडे जाणार, आणि स्टेशनबाहेरचं एक तोंड बॅरिकेडमध्ये. तीन दिवस कमी पडतात.

२४ ऑक्टोबर धरला तर बरोबर बसतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. मुकादमाला फोन केला, २४ ला माणसं मिळतील का?

‘‘मॅडम, पोरं दिवाळीला गावी जातात. छठ करूनच येतात.’’

छठ कधी आहे?

पलीकडे तो कुणालातरी विचारत होता. कॅलेंडर उलटल्याचा आवाज आला.

‘‘२५ ते २८,’’ म्हणाला.